महाड : एका गावाचा भूगोल आणि पाण्याचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या काठी महाड वसले आहे. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. महाडनजीक तिला गांधारी नदी येऊन मिळते. भरतीचे पाणी खाडीतून येथवर चढत असल्याने पूर्वी गलबते महाडपर्यंत येत आणि वरंधा घाटाने उतरलेला देशावरील माल येथून समुद्राकडे जाई. घाट आणि खाडी यांच्या या संगमावरच गावाची पेठ उभी राहिली. मात्र तीच भूरचना पावसाळ्यात संकट आणते. जुलै २०२१ च्या महापुरात गावाने ते पुन्हा अनुभवले.

गावाजवळच्या डोंगरात गांधारपाले येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात कुमार काणभोअ व्हेणुपालित याने दिलेल्या लेणे, चैत्यगृह व पोढी यांच्या दानाची नोंद आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. निवाऱ्याबरोबर पाण्याचीही सोय करणे हा त्या दानाचा भाग होता.

त्याच परिसरात, दोन नद्यांच्या सान्निध्यात, पुढे माणसांना पाणी नाकारले गेले. गावातील चवदार तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते. तेथे गुरे पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्यांना मात्र मज्जाव होता. येथे उणीव पाण्याची नव्हती, समतेची होती, हे आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगू इच्छितो.

सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचे ठरविले. परंतु ठराव दप्तरातच राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेस आलेले लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहासाठी लोक जमले. तथापि न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम असल्याने बाबासाहेबांच्या सल्ल्याने तळ्यावर जाणे स्थगित झाले. त्याच परिषदेत २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन करण्यात आले.

दावा दहा वर्षे चालला. तळे आपलेच असून अस्पृश्यांस दूर ठेवण्याची अनादी रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध झाली नसल्याचा निर्णय दिला. बाबासाहेबांनी संघटित जनतेचे बळ आणि न्यायालयातील पुरावा, दोन्ही मार्ग अखेरपर्यंत सोडले नाहीत.

महाडच्या सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तळ्यास वंदन करावेच. पण प्रथम गांधारपाल्यास चढून पोढ्या पाहाव्यात, तेथून नदी, खाडी आणि गाव यांचा नकाशा वहीत काढावा. मग आपापल्या गावातील विहिरी, नळकोंडाळी व हातपंप कोणत्या वस्तीत आहेत आणि तेथे कोण पाणी भरते, हेही त्याच वहीत नोंदवावे. महाडचा अभ्यास तेथेच पूर्ण होईल, असे आम्हांस वाटते.