गरोदरपणात अंगावरून रक्त जाणे : दाखवायचे केव्हा?

‘दिवस राहिल्यावर थोडेफार जातेच’, असे म्हणून अनेक घरांत गर्भवतीला गप्प बसविले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एकीला थोडा तरी रक्तस्राव होतो आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींचे गरोदरपण पुढे नीट पार पडते. पण आपल्या घरची गर्भवती त्यांतलीच आहे, हे घरी बसून कळत नाही. बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून धोका मोजू नये.

पहिले तीन महिने : नुसते तपकिरी डाग असले आणि दुखत नसले, तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. कळा येऊन रक्ताच्या गाठी पडत असतील, तर गर्भपाताची शक्यता असते. कधी गर्भ पिशवीत न रुजता गर्भनलिकेत रुजतो. तेव्हा बाहेर जेमतेम डाग दिसतो. पण नलिका फुटली तर पोटात रक्त साचते. ओटीपोटात जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर आणि दरदरून घाम ही त्याची लक्षणे होत.

चौथ्या महिन्यापासून पुढे : आता कितीही थोडे रक्त दिसले तरी लगेच दाखवावे. ‘दुखत नाही, मग भीती कसली?’ हा समज इथे घातक ठरतो. वार पिशवीच्या तोंडाशी असेल, तर मुळीच न दुखता लालभडक रक्त जाते, आपोआप थांबते आणि पुन्हा अधिक जोराने येऊ शकते. सोनोग्राफीने वारेची जागा कळेपर्यंत सुईणीने किंवा अन्य कोणी आतून तपासू नये. वार वेळेआधी सुटली, तर पोट दगडासारखे घट्ट होऊन सतत दुखते. रक्त आतच अडकल्याने बाहेर कमी दिसते. रक्तदाब वाढलेला असल्यास किंवा पोटावर मार बसल्यास हा धोका वाढतो.

थांबू नका : तासाभरात कापडाची घडी भिजणे, तीव्र पोटदुखी, चक्कर, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. जेथे शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय आहे, असेच रुग्णालय गाठावे. रक्त देऊ शकतील अशा दोघा-तिघांना सोबत घ्यावे. तपासणीचे कार्ड व सोनोग्राफीचे कागद विसरू नयेत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसे आधीच सांगावे. गरज असल्यास अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावे लागते.

नवरा कामावरून येईपर्यंत किंवा सकाळ होईपर्यंत वाट पाहण्यातच बहुमोल वेळ जातो. तपासणीत काही निघाले नाही, तर फेरी फुकट गेली असे मानू नये. निर्धास्त होऊन घरी परतणे हाही लाभच आहे.