विसावा आणि सावड



आपल्या सीमाभागात बैलाचे दोन सण आहेत. ज्येष्ठी पौर्णिमेस कर्नाटकी बेंदूर, ज्यास कानडी शेजारी कारहुण्णिवे म्हणतात, आणि पुढे आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. क्वचित एकाच गल्लीत एक घर हा पाळते व दुसरे तो. त्या दिवशी बैलास न्हाऊ घालावे, शिंगे रंगवावीत, पुरणपोळीचा घास द्यावा आणि मानेवर जू ठेवू नये, ही रीत आपण सर्व जाणतोच. मात्र हे दोन्ही सण ऐन पेरणी-कोळपणीच्या धामधुमीत येतात, इकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. ज्या दिवसांत बैलावाचून शेतकऱ्याचे पाऊल हलत नाही, त्याच दिवसांत बैलास सुट्टी का, असा प्रश्न आम्हांस पडला. या लेखाचा विषय तोच आहे.

विचार करता असे दिसते की, ही सुट्टी धन्याच्या मर्जीवर ठेवलेलीच नाही. ती त्याच्या मर्जीवर असती तर, 'आजचा वाफसा साधू, बैलास उद्या सोडू' असे म्हणून त्याने औत जुंपलेच असते. त्यात त्याचा दोषही नव्हता, कारण शेजाऱ्याचे शेत पेरून होत असता स्वतःचे बैल दावणीस बांधून ठेवण्याचे धैर्य कोणास होणार? पण सारा गाव एकाच दिवशी औत सोडतो, तेव्हा मागे पडण्याची भीती कोणास उरत नाही. बेळगाव तालुक्यातील कित्येक गावांत वार पाळण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही हाच आशय आहे. ठरलेल्या वारी कोणीही शेतात काम करावयाचे नाही. देवीची आज्ञा म्हणून ती पाळली जाते, आणि तीत माणूस, बैल व जमीन तिघांसही विसावा मिळतो.

मुंबईच्या गिरण्यांत असा वार कोणी पाळत नव्हते. तेथे नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची संघटना उभी करून साप्ताहिक सुट्टीसाठी सतत खटपट केली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तीही एकट्यादुकट्या कामगारास मिळाली नसती.

येथे कोणी विचारील, दिवस पाळला, पण त्या दिवशीचे काम कोणी करावयाचे? याचे उत्तर सावड या शब्दात आहे. ज्याच्यापाशी एकच बैल आहे, तो दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशी जोडी करतो व दिवस वाटून घेतो. भांगलणीस पाच घरच्या बाया आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या, अशा पाळीने जातात. दिवसाची फेड दिवसाने होते, पैशाचा व्यवहार नाही. कोठे यास पैरा म्हणतात, कोठे वारंगुळा, आणि कानडीत मुय्यी. ज्याचे काम अडले त्याच्या शेतात एकाच दिवशी अनेकांनी औते घेऊन जावे व केवळ जेवून परतावे, ती इर्जिक.

आता हिशेबाने पाहू. पाच जणींनी पाच दिवस एकत्र काम केले काय किंवा प्रत्येकीने आपापले केले काय, बेरीज पंचवीसच येते. मग सावडीने विसावा वाढला कोठे? आम्हीही प्रथम असेच म्हणत होतो. परंतु पाचांपैकी एक आजारी पडली, बाळंत झाली किंवा माहेरी कार्यास गेली, म्हणजे या रीतीचे मोल कळते. तिचे शेत तणात जात नाही. चौघी जातात, आणि तिच्या नावे चार दिवस राहतात, ते ती पुढे सवडीने फेडते. सारांश, सावडीत विसावा उसना मिळतो. हे उसने देण्याघेण्यास सावकार लागत नाही. शेजार लागतो.

निपाणीच्या विडी वळणाऱ्या भगिनींची गोष्ट अधिक कठीण आहे. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी कायदा झाला, त्यात आठवड्याची सुट्टी लिहिली गेली. परंतु जी बाई पाने व तंबाखू घरी आणून हजारी मजुरीवर विड्या वळते, तिच्या घरास कारखान्याचे कुलूप कोण लावणार? ती बसली की मजुरी बसली. सूप मांडीवर, डोळा चुलीवर, कान पाळण्याकडे. आमच्या माहितीच्या एका गल्लीत चार जणींनी मुलांची सावड केली आहे. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चारही घरची लहान मुले एकीकडे असतात, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. उरलेल्या तिघींपैकी एखादी त्या वेळात अर्धा घटका पाठ टेकते. 'मूल रडणार नाही हे ठाऊक असले की झोप लागते,' असे त्यांतील एक मावशी आम्हांस म्हणाल्या.

आता थोडे घरचे सांगतो. पुजाऱ्यास सुट्टी नसते. देवास असते! पंढरपुरी आषाढी यात्रेत विठ्ठलाचा पलंग काढतात, देव अहोरात्र दर्शनास उभा राहतो, पाठीशी लोड देतात, आणि यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा करून, काढा देऊन त्याचा शिणवटा घालवितात. हे आम्हांस ज्यांनी सांगितले ते आमचे वडील मात्र गेल्या श्रावणात अंगात ताप असता पाच दिवस पहाटे विहिरीवर जात होते. गाभाऱ्याची किल्ली ते आम्हांस देईनात, कारण आमचे पाठांतर त्यांस अजून कच्चे वाटते. (ते खरेही आहे.) शेवटी शेजारच्या गावाहून आमचे चुलते आले व म्हणाले, "आण्णा, आठ दिवस मी करतो. माघात माझ्या लेकीचे लग्न आहे, तेव्हा तुम्ही माझे आठ दिवस करा." फुकट दिलेले वडिलांनी घेतले नसते, फेडीचे म्हणताच त्यांनी किल्ली काढून दिली. दुसऱ्या दिवशी ते नऊ वाजेपर्यंत झोपले आणि उठल्यावर आईकडे अपराध्यासारखे पाहू लागले. माघात त्यांनी आठही दिवस फेडले.

आपल्या देवळातील मोठी पातेली, पराती, बिछायत व शिडी कार्यास नेता येतात, हे सभासदांस ठाऊक आहेच. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे व भांडी घासून परत करावीत. त्याच वहीच्या शेवटी आम्ही दोन पाने दिवसांसाठी आखली आहेत. एकावर, कोण कोणता दिवस देऊ शकेल. दुसऱ्यावर, कोणास हवा आहे. आजाऱ्यापाशी बसणे, मुले सांभाळणे, भांगलण, दळण आणणे, काहीही चालेल. देणाऱ्यांच्या पानावर आजवर सात नावे आली. घेणाऱ्यांच्या पानावर एकच आहे, ते आमच्या वडिलांचे. ते आम्ही लिहिले. त्यांनी पाहिले, पण अद्याप खोडलेले नाही.