जुना व्हिडिओ गेम सुरू करण्यापूर्वी

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडला जाणारा ‘व्हिडिओ गेम’ बहुतेक वेळा निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या जपानी संचाची नक्कल असे. सामुराई, लिटल मास्टर अशा नावांनी तो मिळे. खेळ ६० पिनांच्या कॅसेटमध्ये असत आणि पुढच्या काळातल्या स्वस्त संचांत सगळी करामत एका काळ्या गोळ्याखाली लपलेल्या चिपमध्ये असे. माळ्यावरून उतरवलेला असा संच चालत नसेल, तर दोष सहसा त्या चिपमध्ये नसतो. तो अडॅप्टरमध्ये, कॅसेटच्या पट्ट्यांवर किंवा वायरीत असतो, आणि शोधही याच क्रमाने घ्यावा.

प्रस्तुत लेखकाने हा क्रम पाळला नाही. मूळ अडॅप्टर सापडेना, म्हणून पिन बसते एवढ्यावरच विसंबून घरातल्या राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला गेला. राउटरच्या अडॅप्टरची मधली पिन धन होती, संचाला मात्र ती ऋण हवी होती. आतला कपॅसिटर फुगला, जळका वास आला आणि लहानपणापासून जपलेला संच मिनिटभरात गेला. कपॅसिटर आणि रेग्युलेटर बदलूनही तो पुन्हा सुरू झाला नाही.

म्हणून संचाच्या पाठीवर छापलेली धन-ऋणाची खूण आधी पाहावी. ती पुसली गेली असेल, तर संच उघडून सॉकेटचे कोणते टोक बोर्डाच्या ग्राउंडला जाते ते मल्टीमीटरने शोधावे. मग मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक अडॅप्टरच्या पिनेच्या आत आणि काळे बाहेरच्या कड्याला लावावे. आकड्याआधी उणे चिन्ह आले, तर मधली बाजू ऋण आहे. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर काही न जोडता १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघाड नव्हे.

लाल दिवाही लागत नसेल, तर ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर तपासावा. अक्षरे समोर आणि पाय खाली धरले की डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. आउटपुटला ४.८ ते ५.२ व्होल्ट मिळायला हवेत. इनपुटला ७ व्होल्टही नसतील, तर दोष अडॅप्टरचा किंवा त्याच्या सॉकेटच्या सुटलेल्या सोल्डरचा. कपॅसिटर फुगला असेल, तर पुण्याच्या तपकीर गल्लीत नवा घेताना जुना सोबत न्यावा. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्ट जास्त चालतात, कमी नाहीत. अंगावरची पट्टी ऋण पायाची असते.

दिवा लागतो, पण पडदा नुसताच करडा किंवा चौकटी-चौकटींचा दिसतो, तेव्हा कॅसेट पाहावी. तिच्यात फुंकर मारायची सवय एका पिढीला होती, आणि तीच घातक ठरली: थुंकीच्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात, त्यात पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा. पॉलिश पेपरने घासल्यास वरचा मुलामाच निघून जातो. कानाच्या कापूसकाडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात, मग कॅसेट चार-पाच वेळा घालून काढावी म्हणजे संचातल्या पिनाही साफ होतात.

चित्र येते पण रंग नाहीत, तर संच एनटीएससी आणि टीव्ही पाल पद्धतीचा असू शकतो. टीव्हीच्या मेनूत पद्धत बदलून पाहावी. मागे जाड नळी असलेल्या जुन्या टीव्हीचे झाकण मात्र घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो.

जॉयस्टिकचे एकच बटण चालत नसेल, तर आतल्या रबराचा काळा ठिपका मळला आहे. पुसला की चालतो. सगळीच बटणे बंद असतील, तर वायर तुटलेली असते, बहुधा प्लगजवळ किंवा जॉयस्टिकमध्ये शिरते तिथे. मल्टीमीटरच्या बीपने पाचही तारा तपासाव्यात.

काळ्या गोळ्याखालची चिप गेली असेल, तर तिची दुरुस्ती होत नाही. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बंद पडलेला दुसरा संच शोधावा आणि त्याचा बोर्ड बसवावा. लेखकाच्या जुन्या पेटीत आता असाच बोर्ड आहे, आणि अडॅप्टरवर पांढऱ्या पट्टीवर लिहिले आहे: ‘मधली ऋण’.