मैदानावर रमणारं पोर प्रशिक्षक का होऊ नये?

दहावी-बारावीचे निकाल लागले की सांगली-साताऱ्याकडच्या पालकांचे फोन सुरू होतात, आणि गेली काही वर्षं त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पाच टक्क्यांत बसायचं तर कुठला खेळ सोपा पडेल?" मग पुढची पुस्ती: "सॉफ्टबॉल कसा? त्यात गर्दी कमी असते म्हणतात." विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. पोर शेजारी बसलेलं असतं, आणि त्याला काय खेळायला आवडतं हे घरात कुणी विचारलेलं नसतं.

माझं उत्तर कडू लागेल, पण ते बदलणार नाही. प्रमाणपत्रासाठी खेळ शोधू नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना २००५ पासून पाच टक्के आरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. ज्यांनी उमेदीची वर्षं मैदानावर घालवली, त्यांच्यासाठी ती सोय आहे. पण त्या दारातून आत शिरण्यासाठी पोराला दोन वर्षं न आवडणाऱ्या खेळात उभं करायचं, ही फसवणूक आहे, आणि ती आधी पोराची होते. प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आली, मिळालेल्या नोकऱ्या गेल्या, गुन्हे दाखल झाले. खरं प्रमाणपत्र असलं तरी स्पर्धा परीक्षेचा पेपर लिहावाच लागतो आणि राखीव जागा मोजक्याच असतात.

नीट, जेईई, डिप्लोमा, सीए, पोलीस भरती यांची माहिती सांगलीच्या विश्रामबागेतला कुठलाही क्लासवाला तुम्हाला चहा पाजून देईल. मी त्यावर जागा घालवत नाही. मला लिहायचंय ते त्या मुलामुलींबद्दल, जी खरोखर मैदानावर रमतात, जिल्ह्यापर्यंत किंवा विभागापर्यंत खेळतात आणि तिथे थांबतात. घरचे म्हणतात, "झालं खेळून, आता अभ्यासाला लाग." त्यांना कुणी सांगतच नाही की खेळ शिकवणं हेही आयुष्यभर पुरणारं काम आहे.

५ ऑगस्ट २०२३ चा दिवस आठवा. बर्लिनमध्ये जागतिक तिरंदाजी स्पर्धा चालू होती. कंपाउंड प्रकारात सतरा वर्षांच्या अदिती स्वामीनं अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. एकाच दिवशी दोन जगज्जेते, आणि दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली सराव करणारे. सावंत पोलीस दलात नोकरी करत शिकवत होते. सरावाची जागा म्हणजे उसाच्या शेतांमधलं मैदान. पुढे दोन्ही खेळाडूंना अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे अदितीचं नाव घरोघरी पोचलं, तिच्या सरांचं किती घरांत पोचलं?

अदितीच्या वडिलांबद्दलही सांगायला हवं, कारण हा लेख पालकही वाचणार आहेत. गोपीचंद स्वामी शिक्षक, गणित शिकवणारे. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन ते साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर गेले. तिथे फुटबॉल चालू होता, धावपटू पळत होते आणि एका कोपऱ्यात थोडी मुलं धनुष्य घेऊन उभी होती. मुलीची नजर त्या कोपऱ्यात खिळली, वडिलांनी ती पाहिली आणि मान्य केली. शेरेवाडीहून कुटुंब साताऱ्यात राहायला आलं, साहित्यासाठी कर्ज काढलं. ओझं वडिलांनी उचललं, पण निवड मुलीची होती. माझ्याकडे येणाऱ्या घरांत नेमकं उलटं असतं. निवड वडिलांची आणि ओझं पोराच्या खांद्यावर.

जिल्हा तोच, तालुका फलटण. सरडे गावच्या जिल्हा परिषद शाळेत विकास भुजबळ या शिक्षकांनी मजुरी करणाऱ्या कुटुंबातल्या एका मुलाला पळायला लावलं. अंगात ताकद कमी होती, तर त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं. मुलगा क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथे धावणं सुटून धनुष्य हाती आलं, पुढे सैन्यात भरती झाला. तो प्रवीण जाधव. टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत त्यानं जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या तिरंदाजाला ६-० असं हरवलं. भुजबळ सर वर्गावरचे शिक्षक. त्यांची नजर मात्र प्रशिक्षकाची होती. सांगलीत स्मृती मानधनाच्या फलंदाजीला लहानपणापासून आकार देणारे अनंत तांबवेकर याच जातीचे. स्मृतीनं २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या, तेव्हा जगानं तिला पाहिलं. तांबवेकरांनी ती त्याच्या कितीतरी आधी पाहिली होती.

आणि सॉफ्टबॉलचं म्हणाल, तर तुम्ही ज्याला सोपा खेळ म्हणता, त्यात कुणी आयुष्य कसं घालवलं तेही ऐका. अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक पॅटी गॅसो १९९५ साली तिथे रुजू झाल्या. सुरुवातीला संघाला स्वतःचं मैदान नव्हतं, सार्वजनिक बागेतल्या मैदानावर खेळावं लागे. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २००० मध्ये आलं. दुसरं कधी? २०१३ मध्ये. मधली तेरा वर्षं त्या रोज मैदानावर जात होत्या. पुढे २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं मिळवली, एकूण आठ झाली. तुमच्या घरात दोन वर्षांत निकाल नाही लागला की क्लास बदलतात, कॉलेज बदलतात. प्रशिक्षकाचं काम असल्या घाईनं होत नाही, आणि ज्यांना घाई नाही अशा मुलांनाच मी या वाटेवर पाठवतो.

आता रस्ता कसा, ते. कोणत्याही शाखेची पदवी घ्या, पण पदवीची तीन वर्षं कॉलेजच्या जिमखान्यात काढा आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळा. शिवाजी विद्यापीठाच्या झोनमधली मॅच तुम्हाला छोटी वाटते, पुढे तीच नोंद उपयोगी पडते. नंतर दोन वर्षांचं बीपीएड. त्याला सीईटी आणि मैदानी चाचणी असते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा १९१४ पासूनची, पुण्यात आगाशे कॉलेज आहे. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायला शिक्षण एवढं पुरतं. एकाच खेळात खोल शिरायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा प्रशिक्षण डिप्लोमा करा. तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स चाचपणीसाठी बरा.

कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं असेल तर एमपीएडला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. पगार सहायक प्राध्यापकाच्या श्रेणीत, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणी असते: तिशीच्या आतल्या पुरुषाला बारा मिनिटांत १८०० मीटर, बाईला आठ मिनिटांत १००० मीटर. नेटचा अभ्यास करता करता पोट सुटलेले उमेदवार इथे धापा टाकतात.

अडचणी लपवणार नाही. कायम जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावर राबणारे, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे ठाऊक नसलेले सर मी पाहतो. अनेक शाळांत पीटीचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकतात, आणि पालकसभेत त्याबद्दल एकही हात वर होत नाही. तो हात तुम्ही वर करा, कारण तुमच्याच पोरांच्या नोकऱ्या त्यात अडकल्यात. तोवर सकाळ-संध्याकाळ स्वतःची बॅच चालवणं, दोन शाळांत मानधनावर शिकवणं, पंच परीक्षा देऊन जिल्ह्याच्या स्पर्धांत उभं राहणं, अशी जोडून कमाई करावी लागते. पहिली चार-पाच वर्षं ओढाताणीची जातील. तेवढी कळ सोसायची तयारी नसेल तर या वाटेला येऊ नका, असं मी मुलांना तोंडावर सांगतो.

पण तिसऱ्यांदा नीटला बसवलेल्या, रात्री झोप न येणाऱ्या मुलाची ओढाताण तुम्हाला चालते. ती "करिअरसाठी" असते. मग ही का चालत नाही? लग्नाच्या बाजारात "मुलगा पीटी सर आहे" हे सांगायला लाज वाटते म्हणून? अनेक घरांत खरं कारण एवढंच असतं, आणि मुलींच्या बाबतीत तर दुप्पट. खेळणारी मुलगी चालते, कारण सत्कार होतो, फोटो येतो. तीच मुलगी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उभी राहते म्हटली की घर गप्प होतं. आज शाळाशाळांत मुलींचे संघ उभे राहतायत आणि त्यांना शिकवायला बाई मिळत नाही. प्रवासात, शिबिरात, मुक्कामाच्या स्पर्धेत महिला प्रशिक्षक सोबत असेल तर किती आईवडील मुलीला निर्धास्त पाठवतील, याचा विचार करा. ही जागा रिकामी आहे.

सॉफ्टबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये परत येतोय. कंपाउंड तिरंदाजीची मिश्र सांघिक स्पर्धाही त्यात पहिल्यांदाच असणार आहे. या खेळांना शिकवणारी माणसं आपल्या तालुक्यांत तयार व्हायची तर सुरुवात आत्ता करावी लागेल.

म्हणून माझ्याकडे यायच्या आधी एक करा. येत्या रविवारी सकाळी सहाला पोराला शाहू स्टेडियमवर किंवा सांगलीच्या शिवाजी स्टेडियमवर न्या. तुम्ही कट्ट्यावर बसा, फोन खिशात ठेवा. पोराला तिथल्या एखाद्या सरांच्या हाताखाली लहान मुलांची बॅच तासभर सांभाळू द्या. दहा वर्षांच्या पोरानं चेंडू चौथ्यांदा सोडल्यावर तुमचा मुलगा वैतागतो की त्याच्याजवळ जाऊन त्याचे हात धरून दाखवतो, ते बघा. मग मला फोन करा, आणि फोन मुलाच्या हातात द्या.