गृध्रसी आणि सरकलेली चकती : दीर्घकाळ पाठदुखी सोसणाऱ्या रुग्णाची चिकित्सा

प्रास्ताविक

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्या १६७४ मधील बलिदानामुळे सर्वपरिचित आहे. या परिसरातील बहुसंख्य कुटुंबांचा चरितार्थ ऊस आणि भातशेतीवर चालतो. पावसाळ्यात चिखलात तासन्‌तास वाकून रोपलावण करावी लागते आणि हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवावी लागते. या दोन्ही कामांचा भार शेवटी कटिप्रदेशावर येतो. त्यामुळे अशा भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे कटिशूल व गृध्रसीचे रुग्ण वर्षभर येत असतात. वेदना तात्पुरती शमविणे फारसे अवघड नसते. खरी कसोटी आहे ती हा विकार बाळगून पुढील अनेक वर्षे कष्टाचे काम करणाऱ्या रुग्णाला मार्ग दाखविण्याची. प्रस्तुत लेखात याच अंगाने विचार केला आहे.

रुग्णाचे प्रातिनिधिक चित्र

येथे कोणा एका व्यक्तीचा वृत्तांत दिलेला नाही. नेहमी दिसणाऱ्या अनेक रुग्णांची लक्षणे अभ्यासासाठी एकत्र केली आहेत. वय चाळीसच्या आसपास, व्यवसाय शेती. मोळी उचलताना कमरेत एकदम चमक भरली. घरच्यांनी उसण समजून शेक दिला आणि गावातील पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेतली. चार दिवसांनी वेदना नितंबातून मांडीच्या मागील बाजूने पोटरीत व पावलात उतरू लागली. पुढे एमआरआय झाला, ‘चकती सरकली’ असा अहवाल हाती आला आणि रुग्णाने अंथरूण धरले. तपासणी संपताच त्याचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, परत मोळी उचलायला जमंल का?” या प्रश्नाला खरे उत्तर देता येणे हा चिकित्सेचाच भाग आहे.

शास्त्रीय विवेचन

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात गृध्रसीची गणना ८० नानात्मज वातविकारांत केली आहे. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात स्फिक्, कटी, पृष्ठ, ऊरू, जानू, जंघा व पाद या क्रमाने पसरणारी वेदना, स्तंभ, तोद आणि स्पंदन ही लक्षणे सांगितली आहेत. तंद्रा, गौरव व अरोचक यांचा अनुबंध असल्यास ती वातकफज समजावी. सुश्रुताचार्यांनी कंडरांच्या दुष्टीमुळे सक्थी वर उचलण्यास होणारा अडथळा हे लक्षण नोंदविले आहे. आज रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा न वाकविता पाय वर उचलून जी परीक्षा केली जाते, तिच्याशी हे वर्णन जुळते. माधवनिदानात सांगितलेली देहाची वक्रताही अशा रुग्णात वेदनेच्या काळात प्रत्यक्ष दिसते.

आधुनिक वैद्यकात चकतीचे फुटणे आणि पायात उतरणारी वेदना यांचा संबंध मिक्स्टर व बार यांच्या १९३४ मधील निबंधामुळे सर्वमान्य झाला. दोन मणक्यांमधील चकतीचा मध्यभाग मऊ असून त्याभोवती तंतुमय कडे असते. कड्याला चीर पडून मधला भाग बाहेर आला म्हणजे नाडीमूळ दाबले जाते व त्याचा दाह होतो. बहुतेक वेळा हे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात किंवा पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामध्ये घडते. प्रौढ वयात चकतीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण झिरपून होते आणि त्याला हालचालीचे साहाय्य असते. अतिभार, वेगधारण, रात्रिजागरण व रूक्ष आहार यांनी प्रकुपित झालेला वात आणि धातुक्षय, तसेच मार्गावरोध, अशा दोन्ही अंगांनी येथे संप्राप्तीचा विचार करता येतो.

अहवालाकडे कसे पाहावे

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचा एमआरआय करण्यात आला. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींमध्ये किमान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. सर्व चकत्या निर्दोष असलेल्या व्यक्ती केवळ ३६ टक्के होत्या. म्हणून अहवाल आणि लक्षणे यांचा मेळ बसतो किंवा नाही, हे वैद्याने स्वतःच्या हाताने तपासावे. पायाचा अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी असेल, तर पाचव्या कटिनाडीचा विचार करावा. चवड्यावर उभे राहता येत नसेल व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली असेल, तर पहिल्या त्रिकनाडीचा विचार करावा. बाहेर आलेला चकतीचा भाग अनेक रुग्णांत काही महिन्यांत आपोआप आक्रसतो आणि बहुसंख्य रुग्णांची तीव्र वेदना ६ ते १२ आठवड्यांत कमी होते. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावे. ‘मणका निकामी झाला’ असा शब्दप्रयोग कदापि करू नये. भीतीने रुग्ण हालचाल सोडतो आणि त्यामुळे स्नायू अधिकच दुर्बल होतात.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे दिसताच औषधयोजनेत वेळ दवडू नये : लघवी अडणे किंवा नकळत होणे, मलप्रवृत्तीवर ताबा नसणे, गुदद्वार व जननेंद्रियाभोवती बधिरता, दोन्ही पायांत वाढती दुर्बलता. हा तातडीच्या शस्त्रक्रियेचा विषय आहे. येथे काही तासांचा विलंबही रुग्णाला आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो. नेसरीसारख्या गावातून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठण्यास लागणारा वेळ लक्षात घेता, ‘उद्या सकाळी पाहू’ असे म्हणणे येथे अक्षम्य ठरते. कुकुंदर मर्माच्या आघाताने अधःकायातील स्पर्शज्ञान व चेष्टा नष्ट होते, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. हे दोन्ही एकच, असे म्हणता येणार नाही, परंतु या प्रदेशातील आघाताचे गांभीर्य आपल्या शास्त्राला ज्ञात होते हे निश्चित. ज्वर, वजनातील घट, रात्री वाढणारी वेदना, पूर्वीचा अर्बुद किंवा क्षय यांचा इतिहास असल्यास मणक्याचा क्षय व इतर व्याधींचा शोध घ्यावा. अशा कोणत्याही रुग्णाच्या पाठीवर लाथ मारणे, पाठ तुडविणे वा जोराने मर्दन करणे सर्वथा वर्ज्य समजावे.

चिकित्सासूत्र

१) तीव्र अवस्था : एक-दोन दिवस विश्रांती पुरेशी असते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नाडीदाबाची लक्षणे नसलेल्या कटिशूलाच्या रुग्णांत सात दिवस झोपून राहण्यापेक्षा दोन दिवसांची विश्रांती सरस ठरली. सामता असल्यास प्रथम लंघन-पाचन करावे, लगेच स्नेहन करू नये.

२) स्नेहन-स्वेदन : सहचर किंवा नारायण तेलाचा हलका अभ्यंग व निर्गुंडीच्या पानांचा शेक करावा. बधिरता किंवा मधुमेह असल्यास शेकाची उष्णता वैद्याने स्वतः पाहावी, अन्यथा रुग्णाला न कळता भाजते.

३) शोधन : चरकाचार्यांनी गृध्रसीत सिराव्यध, बस्ती व अग्निकर्म सांगितले आहे. जीर्ण अवस्थेत एरंडमूलादि निरूह व तैल अनुवासन यांचा ८ बस्तींचा योगबस्तिक्रम बाह्यरुग्ण विभागातही करता येतो. अर्ह-अनर्ह विचार आवश्यक आहे.

४) शमन : रास्नासप्तक क्वाथ, त्रयोदशांग गुग्गुळ आणि पारिजातकाच्या पानांचा मंदाग्नीवर सिद्ध केलेला काढा यांचा अवस्थेनुसार उपयोग करावा. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास गुग्गुळकल्प देताना सावधगिरी बाळगावी. गर्भिणीस एरंडतेल देऊ नये. रुग्ण दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत असेल, तर आमाशय व वृक्क यांवरील परिणामांची त्याला जाणीव द्यावी.

शस्त्रक्रियेबाबतही पूर्वग्रह नसावा. पायाची दुर्बलता वाढत असल्यास किंवा काही आठवड्यांनंतरही वेदना असह्य राहिल्यास शल्यतज्ज्ञाचे मत घ्यावे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८३ रुग्णांवरील डच अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची वेदना अधिक जलद कमी झाली, परंतु एका वर्षानंतर दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखीच होती. हे रुग्णास समजावून सांगितल्यास त्याला निर्णय घेणे सोपे जाते.

दिनचर्या व पथ्य

वेदना ओसरल्यावर रोज सपाट जमिनीवर चालणे सुरू करावे व अंतर हळूहळू वाढवावे. मकरासन व भुजंगासन वेदना पायात न वाढता जमत असतील तरच करावीत. पुढे वाकण्याची आसने आरंभी टाळावीत. वजन उचलताना गुडघे वाकवून, ओझे अंगाशी धरून उठावे. ओझे हाती असताना कमरेत पिळा देऊ नये. मोळी लहान बांधावी व ती डोक्यावर चढविण्यास दुसऱ्याचा हात घ्यावा. रोपलावणीत दर अर्ध्या तासाने पाठ सरळ करावी. आहार उष्ण, स्निग्ध व सुपाच्य असावा. मलावष्टंभ होऊ देऊ नये, कारण कुंथताना वेदना वाढते. तंबाखू व धूम्रपान सोडण्याचा आग्रह धरावा.

समारोप

आता रुग्णाच्या प्रश्नाकडे वळू. ‘पुन्हा कधीच नाही’ हे उत्तर त्याचा संसार मोडते आणि ‘आठ दिवसांत पूर्ण बरा करतो’ हे उत्तर त्याची फसवणूक करते. त्यास सांगावे : “बहुधा जमेल, परंतु लगेच नाही आणि पूर्वीसारखे नाही. वेदना मधूनमधून परत येईल, तेव्हा घाबरू नका. कोणती लक्षणे दिसताच धावत यायचे, ते मात्र पाठ करून ठेवा.” वातव्याधी चिरकारी असतो. म्हणून वैद्य आणि रुग्ण यांचे नातेही चिरकाल टिकणारे असावे. हा विश्वास देता आला, तर रुग्ण अंथरूण सोडून पुन्हा बांधावर उभा राहतो.