लाईट गेली, म्हणजे कुठे गेली?

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या सबस्टेशनांत ऑपरेटर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. गल्लीत लाईट गेली की शेजारी अजूनही मलाच विचारतात. त्यांना वर्षानुवर्षं जे सांगत आलो, ते इथे लिहितो.

१. विजेला हौद नाही.
पाणचक्कीच्या नहरीचं पाणी हौदात येऊन थांबतं, वीज थांबत नाही. चिकलठाण्यात एखादी मोठी मोटार सुरू झाली की त्याच क्षणी कुठल्या तरी जनित्रावर तेवढा भार पडतो. साठवण म्हणाल तर जायकवाडीच्या पायथ्याशी पाणी परत वर चढवू शकणारा १२ मेगावॉटचा संच आहे, आता बॅटऱ्याही येताहेत. देशाच्या मागणीपुढे हे सगळं तुटपुंजं आहे. म्हणून निर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळवत राहावं लागतं.

२. ड्युटीवर बसलात की पहिली नजर फ्रिक्वेन्सीवर.
आकडा ५० हर्ट्झच्या आसपास हवा. मागणी वाढली की तो उतरतो, मागणी तुटली की चढतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीडही बाकीच्या देशाशी एक झालं. तेव्हापासून वाळूजच्या कंट्रोल रूममध्ये जो आकडा दिसतो, तोच तमिळनाडूतही दिसतो.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन होतं आणि देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने घसरली. कोळशाचे संच इतक्या झपाट्याने खाली येत नाहीत. म्हणून पाण्यावरचे संच आधी चढवून ठेवले होते. दिवे मालवले तसे ते उतरवले आणि दिवे लागू लागताच पुन्हा चढवले. ग्रीड जागचं हललं नाही. त्या रात्री डिस्पॅच सेंटरमध्ये बसलेल्या माणसांचं व्हायला हवं होतं तेवढं कौतुक झालं नाही, असं मला मनापासून वाटतं.

३. लांबचा पल्ला असेल तर दाब वाढवा.
गोंदियाकडच्या तिरोड्याची वीज कोराडी, अकोला करत ७६५ केव्हीने पैठण तालुक्यातल्या एकतुनीला येते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि तारा तापून वाया जाणारी वीज चौथाईवर येते. पुढे दाब पायरीपायरीने उतरतो: ४००, २२०, १३२, ३३, ११ केव्ही. शेवटी डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, घरात २३० व्होल्ट.

४. ब्रेकर पडला म्हणून चिडू नका.
३० जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रीडं एकदम कोसळली. आपलं पश्चिम ग्रीड त्यांच्यापासून तुटून वेगळं झालं, म्हणूनच आपल्याकडचे दिवे चालू राहिले. बिघाड ओळखून ब्रेकर पाडणं आणि लाईन तोडणं, हेच रिलेचं काम.

५. खरी दुखणी शेवटच्या किलोमीटरात.
७६५ केव्हीच्या टॉवरमुळे तुमच्या घरातली लाईट क्वचितच जाते. ती जाते ११ केव्हीच्या फिडरवर आणि डीपीवर. उन्हाळाभर चिमण्यांवर, म्हणजे खांबावरच्या इन्सुलेटरवर, धूळ बसते. मृगाची पहिली सर त्या धुळीला भिजवते आणि वीज तिच्यावरूनच खांबात उतरते. झोळ पडलेल्या तारा वाऱ्यात एकमेकींना भिडतात. गुलमोहराची एक फांदीसुद्धा पुरते.

शेतातल्या डीपीचे हाल तर बघवत नाहीत. गव्हा-कांद्याच्या पाण्याच्या दिवसांत तिच्यावर झेपेल त्याहून जास्त मोटारी चालतात. सिंगल फेजच्या वेळी कंडेन्सर लावून थ्री फेजची मोटार ओढली जाते. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी तिथे जाड तार बांधतं. मग फ्यूज उडत नाही, डीपी जळते. नवी मिळेपर्यंत पीक सुकतं आणि शेतकरी वर्गणी काढून ट्रॅक्टरने डीपी वाहून नेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टॉवर उभारायला पैसा लागतो तसा फांद्या तोडायला, झोळ काढायला आणि डीपीचं ऑइल तपासायलाही लागतो. तो वेळेवर मिळावा, याच मागणीसाठी मी आजही भांडेन.

६. परमिटशिवाय पोलवर चढायचं नाही.
लाईनमनचा फोन येतो, “साहेब, परमिट द्या.” मी फिडरचं नाव त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचो. ब्रेकर बंद, त्याची ट्रॉली बाहेर, अर्थिंग, ‘माणसं काम करताहेत’ची पाटी, रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि नंबर, एवढं झाल्यावरच हो म्हणायचं. ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून लाईन चार्ज करायची नाही. तिकडे लाईनमननेही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावायचं.

दोन्ही बाजूंना का, ते नीट समजून घ्या. लाईट गेल्यावर कुणी जनरेटर थेट घरातल्या वायरिंगला जोडला, तर ती वीज मीटरमधून उलटी डीपीत शिरते. डीपी तिचा दाब ११ केव्हीपर्यंत चढवते आणि बंद समजलेल्या तारेला हात लावलेला माणूस जागच्या जागी जातो. मंगल कार्यालयं, दवाखाने, दुकानं, जिथे जनरेटर आहे तिथे चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, आणि तो वायरमनकडून तपासून घ्या. तार तुटून पडलेली दिसली तर कुणाला तिच्याजवळ जाऊ देऊ नका आणि लगेच १९१२ ला फोन करा.