होल जुळले, पण डिस्क बसली का?

शिरूर-दौंडकडे पिकअप म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बोलेरोच येते. कांदा, दूध, गुऱ्हाळावरचा गूळ, रांजणगाव नाहीतर कुरकुंभ एमआयडीसीतला माल, सगळं तीच ओढते. भरलेली गाडी खड्ड्यात आदळते, चाकाची डिस्क वाकते, आणि दुकानदार कोपऱ्यातली जुनी डिस्क काढून म्हणतो, “पाच होलची आहे ना? मग बसंल!” होल मोजून डिस्क घेणं म्हणजे बोटं मोजून चप्पल घेण्यासारखं आहे.

आधी पैशाचं बोलू. साध्या लोखंडी डिस्कला नवीन घेताना साधारण दोन ते साडेतीन हजार पडतात, जुनीला आठशे ते दीड हजार. अलॉयच्या चार चाकांना वीस-पंचवीस हजारांच्या पुढेच तयारी ठेवा. टायर काढ-घाल आणि बॅलन्सिंग धरून चाकामागे दोन-तीनशे, अलाइनमेंटला पाचशेच्या आसपास. हे अंदाज आहेत. शिक्रापूर, पाटस आणि पुण्याची नाना पेठ अशा दोन-तीन ठिकाणी फोन करूनच निघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी ७,००० रुपयांचा टायर आधी ८,९६० ला पडायचा, आता ८,२६० ला. म्हणून बिल पक्कंच घ्या आणि टक्का वाचा.

आता मापं. पहिलं पीसीडी, म्हणजे सगळ्या बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार किंवा सहा होल असतील तर समोरासमोरच्या होलांचं अंतर घेतलं की झालं. पाच होलांत समोरासमोर होल येतच नाही, आणि गफलत तिथेच होते. शेजारच्या दोन होलांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्याला १.७०१ ने गुणा. ८२ मिलिमीटर आलं तर पीसीडी १३९.७ च्या जवळचा, ९४ आलं तर १६० चा. मध्य नेमका सापडत नाही, म्हणून एका होलाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्याच कडेपर्यंत मोजायचं. अंतर तेवढंच येतं. पुढच्या बाजूला होलाची कड नटासाठी उतरती केलेली असते, तेव्हा डिस्क पालथी करून मोजा. टेप नको, व्हर्नियर घ्या. टेपवर एक मिलिमीटर चुकला की पीसीडीत पावणेदोन मिलिमीटरची चूक होते. तेवढ्यात नट जोर लावून बसतोही, पण चाक मध्यात राहत नाही आणि बोल्टवर कायमचा ताण येतो.

दुसरं माप ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते. याचं गणित बाजूला ठेवा, जुनी डिस्क हीच तुमची मोजपट्टी. टायर काढलेल्या दोन्ही डिस्क पालथ्या टाका, मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंत खोली मोजा. रुंदी सारखी असेल आणि जुनीत १३० तर नवीत ११० मिलिमीटर भरली, तर चाक २० मिलिमीटर बाहेर येणार. दिसायला गाडी रुबाबदार दिसते, पण चिखल दारावर उडतो आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. खोली जास्त भरली तर चाक आत सरकतं आणि पाट्यांना नाहीतर स्टीअरिंगच्या रॉडला घासतं. रिकाम्या गाडीत कळत नाही, माल भरल्यावर कळतं.

मधलं भोक हबवर बसतं का ते पाहा. लहान असेल तर डिस्क टेकतच नाही, मोठं असेल तर अलॉयला रिंग लागते. नटही तपासा. अलॉय जाड असतं, त्यामुळे जुन्या बोल्टवर आटे कमी उरतात. बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढ्या लांबीचे आटे नटात जायला हवेत.

टायरही त्याच मापाचा घ्या. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३३. म्हणजे काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२-६३ ने पळत असेल. टायरवरचा भाराचा आकडाही वाचा: १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. मागच्या आसावर दोन टन येणार असतील तर १०८ च्या खालचा टायर नको, मग तो कितीही स्वस्त मिळो.

जुनी डिस्क घ्यायचीच असेल तर होलांच्या आजूबाजूला वायर ब्रशने घासून तडा पाहा. होल लांबट झालेलं किंवा वेल्डिंगचा डाग दिसला की परत ठेवा, घासाघीस करूच नका. मग पुढच्या हबवर टायरशिवाय बसवून हाताने फिरवा. ब्रेकला लागतं का ते तिथेच समजतं. कडेशी खडू धरला की वाकडेपणाही दिसतो. शेवटी टायरसह चाक बसवून स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा.

कायद्याचं थोडक्यात. त्याच मापाची डिस्क घालण्यात काही अडचण नाही. कंपनीने दिलेल्या मापाबाहेर गाडी बदलली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं आणि १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. विम्याच्या वेळी वाद होतो तो वेगळाच. पासिंग बारामतीला असो की पुण्याला, नियम तोच.

पैसे देताना बिलावर पीसीडी, ऑफसेट आणि जे-रुंदी (म्हणजे डिस्कची रुंदी) लिहून घ्या, आणि “बसली नाही तर परत” हेही. टायर चढवल्यावर कोणी परत घेत नाही. बसवल्यावर नट समोरासमोर फिरवत आवळा आणि ५०-१०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लावा. स्टेपनीची डिस्कही याच मापाची आहे का, ते विचारायचं विसरू नका; चार चाकं बदलणारे पाचवी तशीच ठेवतात, आणि ती लागते ती नेमकी रात्री, भरल्या गाडीला.